बन्या काही बाहेर जाईना (चाळवाली एकांकिका, पुढचा हप्ता)

मंडळी, आपल्या एकांकिकेत बन्याला सीनमधून बाहेर कसा काढायचा, ते कोडं सुटलं एकदाचं! गोष्ट थोडक्यात अशी, वरळीची बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, त्याबदली ५०० फुटांचा फ्लॅट मिळणार, खोली रिकामी करायची आवराआवर चाललीये, भाऊ बहिणीकडे हक्कसोडवर (म्हणजे घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही मागतोय आणि नेमका ह्याच सीनला शेजारचा बन्या बाहेर पाहिजे. पण जाणार कुठे, दुसरी खोलीच नाही. चहा टाकायला पाठवावा तर सिलेंडर आधीच हलवलाय (तसंही चहाच्या एक्झिटवर आता बंदी आणायला हवी). फोनच्या निमित्ताने व्हरांड्यात काढला तर दार सताड उघडं, चाळीत आतलं बाहेर ऐकू येत नाही असं म्हटलं तर पहिल्या रांगेतून चप्पल येईल. शेवटी कॉमन संडासाला पाठवला, तर वाचनात असा हशा पडला की बहिणीचं पुढचं मेन वाक्यच वाहून गेलं. आणि 'ब्लॅकआऊट घे' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, सवाई एकांकिका स्पर्धेला २५ जानेवारीची रात्र जागून काढली की अंधारात टेबलं सरकवल्याचा आवाज कानात बसतो तो जात नाही.

तर परवा बन्या करणारा पोरगा एक्झिटच विसरला. बसल्या बसल्या सुतळीने भांड्यांचं खोकं बांधत राहिला, आणि ह्या दोघांनी तो तिथे नाहीच असं धरून सीन रेटला. च्यायला, काय टेन्शन आलं सीनला! भाऊ आवाज खाली घेतोय, बहीण मुद्दाम चढवतेय, कारण कुणीतरी ऐकायला हवंच आहे तिला. संवादातला एक शब्द बदलला नाही.

आणि थांबा, हे टाइप करतानाच सुचतंय, हक्कसोडला दोन साक्षीदार लागतात ना! म्हणजे भाऊ शेवटी बन्याच्याच हातात पेन देणार, 'इथे सही कर रे'. मग बहिणीचं दीड पानी स्वगत गेलंच. जीव होता माझा त्यात, पण पेन बन्याच्या हातात असताना ते ऐकणार कोण. दुसरा साक्षीदार टेम्पोवाला? नको, चौथा नट आणू कुठून, आपला एक तर लाइट्सलाही बसतो. विंगेतून नुसता टेम्पोचा हॉर्न वाजवू, ड्रायव्हर वर येतोय एवढं कळलं की बास.

बाकी संहिता टाइप कशी करायची म्हणाल तर गूगल डॉक्सवर बोलून लिहिणं संवादांना झकास, उगाच छापील मराठी येत नाही, विरामचिन्हं मात्र हाताने घाला. प्रिंटला पीडीएफच द्या, आमच्या झेरॉक्सवाल्याने वर्डची फाइल उघडली आणि सगळी जोडाक्षरं लंगडी झाली.

परिनिरीक्षण मंडळाकडे (म्हणजे नाटकाचं सेन्सॉर) संहिता पाठवायच्या आधी शेवट पक्का करायचाय, त्यामुळे रविवारी दोन्ही शेवट वाचून बघू, बन्या सही करतो तो आणि पेन परत देतो तो. बहीण करणारीला स्वगताचं अजून सांगितलेलं नाही, कुणी तिला आधीच बोलू नका.