टप्पा पास, हप्ता यूसीत अडकलेला

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या बऱ्याच कारखानदारांना आता ओझरच्या विमान कारखान्याच्या (एचएएल) जॉबवर्कवर न थांबता संरक्षण दलांसाठी स्वतःचं उत्पादन विकसित करायचं असतं. त्यासाठी पैसा आहे. डीआरडीओच्या टीडीएफमधून, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधीतून, प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं आणि २०२२ पासून मर्यादा ५० कोटी आहे. आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या नवसंशोधन योजनेच्या नेहमीच्या चॅलेंजमध्ये दीड कोटीपर्यंत मिळतात, पण आपलाही वाटा घालावा लागतो. माझा प्रकल्प कुठल्या योजनेतला ते सांगत नाही. अर्ज, सादरीकरण, करार रीतसर पार पडले. डोकं फिरवलं ते यूसीनं, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेटनं: मिळालेलं अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला.

तांत्रिक समितीनं प्रकल्पाचा टप्पा पास केला तरी अनुदानाचा पुढचा हप्ता सुटत नाही. जीएफआर, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या, १२-ए नमुन्यातलं यूसी आधी मान्य व्हावं लागतं. गोची अशी की टप्पा करारापासून मोजतात आणि यूसी आर्थिक वर्षाचं मागतात. नोव्हेंबरात सुरू झालेला टप्पा जुलैत संपला तर ३१ मार्चपर्यंतचं एक आणि १ एप्रिलपासूनचं दुसरं, अशी दोन करावी लागतात. दुसऱ्यातली आरंभीची शिल्लक पहिल्यातल्या अखेरच्या शिलकेशी पैशापैशानं जुळली पाहिजे. सीएनं एका ठिकाणी पैसे सोडून आकडा पूर्ण रुपयात लिहिला की फाइल परत.

त्यात व्याजाचा घोळ. अनुदानावरचं व्याज आपलं नसतं, ते सरकारजमा करायचं असतं. पण बँक कंपनीच्या खात्याला १० टक्के टीडीएस कापून व्याज देते आणि यूसीत पूर्ण व्याज दाखवावं लागतं. कापलेली रक्कम आपल्या खिशातून घालून पूर्ण आकडा भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरायचा, चलन जोडायचं आणि टीडीएस नंतर रिटर्नमध्ये वळता करून घ्यायचा. हे आधी कुणी सांगत नाही. म्हणून खातं वेगळंच उघडा. त्यात आपल्या धंद्याचा एक रुपयाही येऊ देऊ नका, नाहीतर कुठलं व्याज कुणाचं हे सिद्ध करत बसाल.

सगळ्यात संताप येतो तो हरकती एकेक करून येतात याचा. आधी व्याज. ते दुरुस्त केलं की जीएसटी: इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर तो कर खर्चात धरता येत नाही. मग पुरवठादाराला दिलेला अॅडव्हान्स: माल आला नाही तोवर तो खर्च नव्हे, वेगळ्या ओळीत दाखवा. मग सह्या: नमुन्यात वित्तप्रमुख आणि संस्थाप्रमुख अशा दोन असतात. आपल्याकडे मालकच दोन्ही असतो, म्हणून हिशेब बघणाऱ्याला ठराव करून आधीच अधिकार द्या. दर वेळी सीएचं नवं सर्टिफिकेट, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा नवा १८ अंकी ओळख क्रमांक, यूडीआयएन. एका पत्रात चारही हरकती लिहिल्या असत्या तर शाईची बचत झाली असती! आता मी कच्चा मसुदा आधी ईमेलनं पाठवतो आणि लेखी होकार आल्यावरच सही घेतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: टॅलीत पहिल्या दिवसापासून प्रकल्पाचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, करा. अनुदान आणि आपला वाटा वेगळे, पगार, भांडवली वस्तू आणि इतर खर्चही वेगळे. नमुन्यात हीच विभागणी विचारतात.

चाचण्यांचं थोडक्यात. जेएसएस ५५५५५ या लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणी-मानकातली बुरशीची चाचणी २८ दिवस चालते, ती वेळापत्रकात धरा. एमआयएल-एसटीडी-४६१ या अमेरिकी लष्करी मानकाच्या आरई१०२ चाचणीत, म्हणजे उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी मोजताना, बॉक्सपेक्षा केबलच जास्त नापास करते. केबलवरच्या शील्डची (धातूच्या जाळीची) वेणी वळून स्क्रूला जोडू नका, बॅकशेलला, म्हणजे कनेक्टरच्या मागच्या धातूच्या टोपणाला, चहूबाजूंनी पकडवा. पुण्या-मुंबईच्या चाचणी-चेंबरला जाताना फेराइट आणि तांब्याची टेप गाडीत ठेवा, तिथे तासाचे पैसे मोजले जातात.

आणि अनुदानातून घेतलेलं मशीन परवानगीशिवाय विकता येत नाही. त्याची नोंदवही वेगळी ठेवा, तपासणीला येणारे आधी तीच मागतात.