खाड्यावरून फुटलेलं रग्बी: हडर्सफील्ड, विगन, ट्विकेनहॅम

हडर्सफील्ड स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सेंट जॉर्ज चौक, आणि चौकाच्या कडेला जुनं दगडी जॉर्ज हॉटेल. २९ ऑगस्ट १८९५ ला उत्तर इंग्लंडच्या रग्बी क्लबांनी इथे बसून वेगळी चूल मांडली. त्यांच्या खेळाला पुढे रग्बी लीग म्हणू लागले, मूळचा राहिला तो रग्बी युनियन. हॉटेल २०१३ मध्ये बंद पडलं, पुढे तिथल्या पालिकेने ते विकत घेतलं. आत शिरता येतंय का ते आधी विचारून घ्या, नाहीतर दर्शनी भागाचा फोटो घेऊन पुढची गाडी पकडा.

भांडण खाड्यावरून झालं. खाणीतले आणि गिरणीतले कामगार शनिवारी दुपारपर्यंत कामावर असत. लांबच्या मॅचला जायचं तर खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली. ती क्लबने भरून द्यावी, एवढीच मागणी. १८९३ साली युनियनच्या लंडनमधल्या सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी आपटली. फुटून निघालेल्यांनी दिवसाला सहा शिलिंग खाड्याचे पैसे मान्य केले. लालबाग-परळच्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

पैसे द्यायचे तर तिकिटं खपायला हवीत, आणि तिकीट काढणाऱ्याला चेंडू दिसायला हवा. लीगचे बहुतेक नियम याच गरजेतून निघाले. १८९७ मध्ये लाइनआउट गेलं, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले, म्हणजे मैदानावर मोकळी जागा आणि वर दोन माणसांची मजुरी वाचली. १९६६ पर्यंत एकच संघ चेंडू कवटाळून बसू शकत असे. मग चार टॅकलची (चेंडूवाल्याला धरून पाडण्याची) मर्यादा आली, १९७२ पासून सहाची.

हे पाहायला लीगवाल्या विगन गावाला जा. हडर्सफील्डहून मँचेस्टरला गाडी बदलावी लागते. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस मिळते आणि पहिला हाफ हुकतो. आदल्या रात्री वेळापत्रक तपासाच. विगनला नॉर्थ वेस्टर्न आणि वॉलगेट अशी दोन स्टेशनं जवळजवळ आहेत, परतीची गाडी कुठून आहे ते बघून ठेवा. पोट भरायला पाय बार्म घ्या: लोणी लावलेल्या पावात अख्खी मीट-पोटॅटो पाय. वडापाववर वाढलेल्या माणसाला पावात काहीही घातलेलं चालतं.

मॅचमध्ये फक्त टॅकल मोजा. टॅकल झाला की बचाव करणारे दहा मीटर मागे पळतात, पडलेला गडी उठून चेंडू पायाने मागे लोटतो, पुन्हा धडक. पाचव्या टॅकलनंतर बहुधा किक. नवखा माणूस म्हणतो, चेंडू फुकट का दिला? सहाव्याला तो जागेवरच सोडावा लागतो, त्यापेक्षा लांब मारून दिलेला बरा. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं; त्याचे लीगमध्ये चार गुण, युनियनमध्ये पाच. जर्सीच्या आकड्यांनी फसू नका: लीगचा फुलबॅक (सगळ्यात मागचा गडी) १ नंबर, युनियनचा १५.

विगनच्या भर गावात बिली बोस्टनचा पुतळा आहे. कार्डिफचा हा पोरगा १९५३ मध्ये युनियन सोडून इथे आला आणि विगनसाठी ४७८ ट्राय केले. २०२५ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. लीगच्या खेळाडूला पहिल्यांदाच. त्या काळी युनियनवाला लीग खेळला की जन्मभर वाळीत. म्हणून चाचणीच्या मॅचला आलेल्यांची नावं संघाच्या यादीत ‘ए. एन. अदर’ (आणखी कोणीतरी) अशी छापत.

ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननेच पैसे घ्यायला परवानगी दिली. शंभर वर्षांनी! पुढच्या मे महिन्यात लीगचा विगन क्लब आणि युनियनचा बाथ क्लब एकमेकांच्या नियमांनी खेळले. लीगच्या नियमांत विगन ८२-६. दर टॅकलला दहा मीटर मागे पळून बाथवाल्यांचा दम निघाला. ट्विकेनहॅमला, म्हणजे लंडनमधल्या युनियनच्या स्टेडियमात, युनियनच्या नियमांत बाथ ४४-१९; तिथे विगनला स्क्रम (दोन्ही संघांची गुंतून रेटारेटी) आणि मॉल (उभ्या चेंडूवाल्याभोवतीची ढकलाढकली) झेपले नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक आजही आपापला आकडा तेवढा सांगतात. एका खेळातून दुसऱ्यात जाणं तेव्हापासून सोपं झालं, पण प्रत्येकाला जमतं असं नाही. विगनचा विंगर (कडेने पळणारा गडी) जेसन रॉबिन्सन २००३ च्या युनियन विश्वचषकाच्या फायनलमध्ये ट्राय करून गेला, कारण विंगवर पळणं दोन्हीकडे सारखंच. लीगचा सॅम बर्जेस फॉरवर्ड, म्हणजे झटापटीतला गडी; रक (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झोंबाझोंबी) आणि मॉलची सवय एका मोसमात अंगवळणी पडत नाही, २०१५ च्या विश्वचषकानंतर तो लीगमध्ये परतला.

ट्विकेनहॅमसाठी लंडनच्या वॉटर्लूहून गाडी. नाव आता अलायन्झ स्टेडियम, ८२,००० जागा. मॅच सुटल्यावर ट्विकेनहॅम स्टेशनाबाहेर लांब रांग लागते. थोडं जास्त चालून व्हिटन स्टेशन गाठा. रकमध्ये शिट्टी कशासाठी वाजली हे मुरलेल्यांनाही कळत नाही, म्हणून पंचांचा आवाज ऐकवणारा छोटा रेडिओ मिळाला तर घ्याच. लीगला त्याची गरज पडत नाही. याबाबतीत मी सरळ विगनच्या बाजूचा.

तिथलं म्युझियम मात्र मॅच नसलेल्या दिवशी करा, मॅचच्या दिवशी तिकीटवाल्यांनाच प्रवेश असतो. आत कलकत्ता कप शोधा. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये गुंडाळला, तेव्हा बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते वितळवून हा चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. मुठींच्या जागी तीन नाग आहेत, झाकणावर हत्ती.