एकोणीस दिवसांचा उपास

आज सकाळी उठल्या उठल्या आधी कोळ्याच्या पिल्लाची डबी बघितली, काल टाकलेला मीलवर्मचा (खायला द्यायच्या अळीचा) तुकडा जसाच्या तसा. चिमट्याने काढून टाकला, कारण एक दिवसाच्या वर राहिला की बुरशी धरते आणि माइट्स (अगदी बारीक किडे) होतात. एकोणीस दिवस झाले, बाईसाहेब (बाई आहे का बुवा ते अजून कळत नाही म्हणा) काही खायला तयार नाहीत.

इथे लीड्सला आल्यावर टॅरेंटुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची, दोन पिल्लं घेतली, एक मेक्सिकन रेड नी जातीचं आणि एक कर्ली हेअर, दोन्ही सेंटिमीटरभर. उपास धरलाय तो रेड नीने. तिच्या गुडघ्यांचा तो केशरी रंग मोठेपणीच येणार, आत्ता नुसता मातकट ठिपका. कर्ली म्हणजे निव्वळ खादाड, काहीही टाका ओढून नेते. पिल्लांना मी जिवंत किडा देत नाही, मीलवर्मचं डोकं आधी चिरडतो आणि पिल्लाच्या पोटाच्या आकाराएवढाच तुकडा कापतो. घरात अंडंसुद्धा न आणणाऱ्या आईचा मुलगा रविवारी सकाळी अळ्या कापत बसतो, हे आमच्या आळीत कळलं तर काय होईल. आणि कर्ली खाते म्हणजे चावून गिळत नाही हां, पाचक रस सोडून सगळं पातळ करते नि पिऊन टाकते, मागे उरते ती बारीकशी काळी गोळी.

रेड नीचं पोट मात्र टम्म फुगून काळपट चकाकायला लागलंय आणि परवा तिने बिळाचं तोंड मातीने लिंपून घेतलं. म्हणजे कात टाकायची वेळ. मला सगळं माहितीये, तरी काल रात्री चमचा हातात घेतला होता, जरा उकरून बघावं जिवंत आहे का म्हणून, मग परत ठेवला. कात टाकताना ती उताणी पडते, अंग मऊ असतं, नख लागलं तरी संपलं. नंतरही दात पांढरट असतात ते काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, आठवडाभर तरी.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "अरे चातुर्मास चालू आहे, उपास धरला असेल तिने. तू काय खाल्लंस ते सांग." मी मॅगी खाल्ली होती, विषय बदलला.

रेड नीच्या डबीत कोपऱ्यात पाण्याचे चार थेंब टाकले. कर्लीला तिचा तुकडा दिला, दोन सेकंदांत बिळात गायब. फ्रिजमधला मीलवर्मचा डबा परत दह्याशेजारी ठेवला, रूममेट उठायच्या आत.