प्रत्येक कामाला वेगळी खिडकी, पण डावे-उजवे कायम

बेळगावात छपाईपूर्व कामाचे छोटे कार्यालय चालवायचे म्हणजे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली कामे एकाच संगणकावर शेजारी शेजारी सांभाळावी लागतात. तुळशीचे लग्न झाले की मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मजकुरांच्या लग्नपत्रिका येऊ लागतात, उद्यमबागेतील कारखान्यांचे कॅटलॉग आणि त्यांतल्या सुट्या भागांची रेखाचित्रे वर्षभर चालूच असतात, आणि मधूनच एखादे मंडळ आपल्या जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे स्कॅन करण्यासाठी आणून ठेवते. या तिन्ही कामांत फाइलविषयी विचारायचा प्रश्न वेगळा असतो. पत्रिकेत अंतिम प्रत कोणती, रेखाचित्रात नवी आवृत्ती कोणती, आणि स्कॅनमध्ये पान राहून गेले का. म्हणून फाइल मॅनेजरची, म्हणजे फाइली पाहण्याच्या आणि हलवण्याच्या प्रोग्रामची खिडकी, तिच्यातील रकाने आणि वरची बटणे कामानुसार बदलावीत, असे माझे मत आहे. या बदलाला एक मर्यादा मात्र असावी. तिच्याविषयी पुढे सांगतो.

विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये ही सोय तुटपुंजी आहे. तो फोल्डरसाठी सर्वसाधारण, दस्तऐवज, चित्रे, संगीत आणि व्हिडिओ असे पाच साचे देतो आणि पुष्कळदा फोल्डरमधील फाइली पाहून साचा स्वतःच निवडतो. 2021 साली आलेल्या विंडोज 11 मध्ये वरची पट्टी आटोपशीर दिसते खरी, पण तिच्यावर आपले बटण बसवता येत नाही. घरगुती वापराला एवढे पुरते. दिवसभर फाइलींतच वावरणाऱ्याला पुरत नाही.

मी टोटल कमांडर हा फाइल मॅनेजर वापरतो. 1986 च्या नॉर्टन कमांडरने रूढ केलेली दोन कप्प्यांची पद्धत, म्हणजे एकाच खिडकीत दोन फोल्डर शेजारी शेजारी दाखवण्याची पद्धत, त्यात आहे. तो 1993 मध्ये विंडोज कमांडर या नावाने आला आणि 2002 मध्ये त्याचे नाव बदलले. ज्यांना विनामूल्य आणि लिनक्सवरही चालणारे साधन हवे, त्यांच्यासाठी डबल कमांडर आहे. पुढे लिहिलेले बरेचसे त्यालाही लागू पडते.

सर्वांत जास्त विचार पत्रिकांच्या मांडणीवर करावा लागला, कारण तिथे सारखी दिसणारी नावे शेजारी शेजारी असतात. कोरलड्रॉ या आरेखनाच्या प्रोग्राममध्ये मजकूर बसवल्यावर एक प्रत दुरुस्तीसाठी तशीच ठेवावी लागते आणि दुसरी कर्व्ह करून छापखान्याकडे पाठवावी लागते. कर्व्ह केलेल्या प्रतीत अक्षरांच्या आकृत्या झालेल्या असल्याने समोरच्या संगणकावर फाँट नसला तरी बिघडत नाही, परंतु वधूच्या आजोळचे नाव चुकले आहे असा निरोप आला, तर त्या प्रतीत दुरुस्ती करता येत नाही. त्यात मराठी मजकूर श्रीलिपीच्या आणि कन्नड मजकूर नुडीच्या फाँटात बसवलेला असला, की फाँटाशिवाय उघडलेली मूळ प्रत म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग ठरते. म्हणून या कामाच्या डाव्या कप्प्यात चालू कामाचा फोल्डर आणि उजव्या कप्प्यात छापखान्याकडे जाणाऱ्या प्रतींचा फोल्डर असतो. उजवीकडेच फाँटांचा एक टॅब कुलूप लावून ठेवला आहे, म्हणजे घाईत कोणी तो बंद करू नये. हे सर्व टॅब एका फाइलीत जतन करता येतात आणि बटणपट्टीवरील एका बटणाने पुन्हा जसेच्या तसे उघडता येतात. या पट्टीवर मी जेमतेम पाच बटणे ठेवली आहेत. पट्टीवर भाराभर चित्रे असली की माणूस बटण शोधण्यापेक्षा उजवी कळ दाबून यादीतून काम भागवतो; मग त्या पट्टीचा उपयोग काय?

रेखाचित्रांच्या मांडणीत चित्राची लघुप्रतिमा जवळजवळ निरुपयोगी असते. झडपेच्या दोन आवृत्त्यांत एका भोकाचा व्यास तेवढा बदललेला असतो आणि छोट्या चित्रात तो फरक दिसत नाही. इथे पूर्ण नाव दिसेल इतका रुंद रकाना, त्यानंतर बदलाची तारीख आणि आकार, एवढे पुरे. एकच बटण महत्त्वाचे आहे, ते दोन्ही बाजूंचे फोल्डर ताडून पाहण्याचे. त्यात तारखेवर विसंबून न राहता फाइलींचा मजकूर तपासण्याचा पर्याय निवडावा, कारण व्हॉट्सॲपमार्गे आलेल्या प्रतीची तारीख अनेकदा मूळ प्रतीची नसते.

स्कॅनच्या कामाला मोठ्या लघुप्रतिमा हव्यात, कारण उलटे लागलेले किंवा कडेला कापले गेलेले पान त्यांतच चटकन नजरेस येते. प्रत्येक वर्षाच्या अंकाचा वेगळा फोल्डर असल्याने सगळी पाने एका यादीत पाहण्यासाठी कंट्रोल-बी फार उपयोगी पडते; उपफोल्डरांतील सर्व फाइली एकाच सपाट यादीत येतात. नावे देण्यासाठी कंट्रोल-एम दाबून सामूहिक नामांतराची खिडकी उघडावी आणि क्रमांक तीन आकडी ठेवावा, म्हणजे पुढे कोणत्याही संगणकावर पानांचा क्रम मोडत नाही. नाव देण्यापूर्वी होणारा बदल समोर दिसतो, तो शांतपणे वाचावा.

आवृत्ती 9.0 पासून टोटल कमांडर फोल्डरच्या मार्गावरून दृश्य आपोआप बदलू शकतो. स्कॅनच्या फोल्डरमध्ये शिरल्याबरोबर लघुप्रतिमा आणि रेखाचित्रांकडे वळल्याबरोबर रकाने, असा नियम एकदा लिहून ठेवला की हाताने काही करावे लागत नाही.

आता ती मर्यादा. रकाने, टॅब, बटणे, रंग हे सारे बदलावे. परंतु डावीकडून उजवीकडे जाण्याची दिशा कोणत्याही मांडणीत बदलू नये. येणारी किंवा चालू फाइल डावीकडे, जाणारी उजवीकडे. याचे कारण असे की, हा प्रोग्राम डाव्या-उजव्याला महत्त्व देत नाही. ज्या कप्प्यात आपण उभे असतो तोच त्याच्या लेखी मूळ आणि दुसरा गंतव्य. एफ-पाचने प्रत, एफ-सहाने स्थलांतर आणि एफ-आठने पुसणे हे नॉर्टन कमांडरच्या काळापासून चालत आले आहे आणि बोटे ते विचार न करता करतात. एका मांडणीत छापखान्याचा फोल्डर डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे असेल, तर जुन्या प्रतीने नवी प्रत झाकली जाण्याचा धोका मांडणी बदलताना वाढतो. म्हणूनच या कळांचे काम बदलण्याची सोय असूनही मी ती वापरत नाही, आणि पुसण्याचे बटण कोणत्याही पट्टीवर ठेवत नाही. पुसायचे असेल त्याने कीबोर्डाकडे पाहून कळ दाबावी.

बटणपट्टीची फाइल साध्या मजकुराची असते. त्यामुळे ती नोटपॅडमध्ये दुरुस्त करता येते आणि दुसऱ्या संगणकावर नेता येते, फक्त बटणाच्या आज्ञेत ड्राइव्हचे अक्षर ठोकून बसवू नये. त्याऐवजी टक्क्याच्या चिन्हापुढे पी लिहिले की मूळ कप्प्याचा मार्ग आणि टी लिहिले की दुसऱ्या कप्प्याचा मार्ग आज्ञेत आपोआप येतो. हे पाळल्यामुळे खानापूरहून येणारी आमची सहकारी आपल्या लॅपटॉपवर हीच पट्टी काही न बदलता चालवते. तिची लिखाणाची सवय कन्नडची आणि माझी मराठीची, म्हणून बटणांवर अक्षरांऐवजी चित्रेच ठेवली आहेत आणि एका चित्राचा अर्थ सर्व पट्ट्यांवर एकच आहे. पट्टीची आणि टॅबांची फाइल मी त्या त्या कामाच्या फोल्डरमध्येच ठेवतो, म्हणजे काम संपल्यावर सगळे एकत्र झिप होते आणि पुनर्मुद्रणाची मागणी आली की मांडणीही सोबतच बाहेर येते.

लिनक्सवरील डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ-तीनने खिडकीचे दोन भाग होतात, एफ-चारने खाली टर्मिनल उघडते आणि प्रत्येक फोल्डरचे दृश्य वेगळे लक्षात ठेवण्याचा पर्यायही आहे. दृश्यांपुरते ते उत्तम आहे. कामागणिक वेगळी टूलबार मात्र तिथे तितक्या सहज मिळत नाही.

एक अडचण यातल्या कशानेही सुटत नाही. कोरलड्रॉ किंवा पेजमेकरमधून फाइल जतन करताना उघडणारी खिडकी विंडोजची असते आणि तिला आपल्या पट्ट्यांची किंवा टॅबांची काहीच माहिती नसते. त्यासाठी चालू कामांचे फोल्डर एक्स्प्लोररच्या क्विक ॲक्सेस या झटपट यादीत पिन करून ठेवतो आणि काम बिलाला लागले की ते तिथून काढतो. एका वेळी चारांपेक्षा जास्त फोल्डर पिन केले तर त्या यादीतही शोधाशोध सुरू होते.