रिव्हरवर हात अडतो तेव्हा : माझा अनुभव

पोकरमधलं बाकीचं सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं. कुठले पत्ते खेळायचे, कुठले फेकायचे, सगळ्यांच्या शेवटी बोलायला मिळणं का फायद्याचं, पॉट ऑड्स (मधल्या ढिगाच्या मानाने पुढे लावायची रक्कम किती महाग ते) कसे काढायचे, यात चार-पाच महिने गेले आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी अडलो ते एकाच जागी. पाचवा पत्ता, म्हणजे रिव्हर, उघडला. आपलं काहीच जुळलं नाही. आणि तरीही चिप्सचा मोठा ढीग पुढे सरकवायचा, म्हणजे ब्लफ करायचा. वर्षभर माझा हात तिथे टेबलावर दोनदा टकटक करून 'चेक', म्हणजे काही न लावता पुढे, म्हणत राहिला. कम्फर्ट झोन म्हणतात तो हाच, टकटक करणारा. त्याचा अजूनही राग येतो, कारण चुकीचं उत्तर माहीत असूनही तेच देत होतो.

एक डाव समोर मांडतो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, ५०-१००, प्रत्येकाकडे १०,००० च्या चिप्स. आपण बटणावर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी बोलणाऱ्या जागी, हातात इस्पिकचा एक्का आणि चौकट दश्शी. आधीचे सगळे पॅक. आपण २५० करतो, छोटा ब्लाइंड सोडतो, मोठा ब्लाइंड कॉल करतो, म्हणजे तेवढेच लावतो. पॉट, म्हणजे मधला ढीग, ५५०. फ्लॉपला, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, इस्पिक गुलाम, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. समोरचा चेक, आपण २००, त्याचा कॉल, पॉट ९५०. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, इस्पिक अठ्ठी. आता आपल्या एक्क्यासकट चार इस्पिक झाले. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत नऊ इस्पिक आपल्या कामाचे (एकाच रंगाचे पाच पत्ते म्हणजे फ्लश), शिवाय इस्पिक सोडून उरलेल्या तीन नव्व्यांपैकी कुठलीही आली तर सत्ती ते गुलाम असा सिक्वेन्स. बारा पत्ते म्हणजे २६ टक्के. आपण ७००, त्याचा पुन्हा कॉल. पॉट २,३५०. आणि रिव्हरला येते किलवर दुर्री. आपल्याकडे नुसता एक्का.

इथवर कुणालाच भीती वाटत नाही, कारण 'अजून एक पत्ता यायचाय' हा आधार असतो. रिव्हरला तो जातो. सांगायला काही उरत नाही, फक्त रक्कम उरते. म्हणून रक्कम आधी ठरवावी लागते आणि तिचा हिशोब सोपा आहे: आपण जेवढं लावतो, त्याला 'पॉट अधिक आपण लावलेलं' याने भागायचं. २,३५० मध्ये १,७०० लावले तर १,७०० भागिले ४,०५०, म्हणजे ४२ टक्के. समोरच्याने शंभरात ४२ पेक्षा जास्त वेळा पत्ते टाकले तर हा ब्लफ फायद्याचा. अर्ध्या पॉटएवढं लावलं तर ३३ टक्के पुरतात, पूर्ण पॉटला ५०. मग अर्धंच का लावू नये? कारण अर्ध्या पॉटला गुलामाची जोडी असलेला माणूस खांदे उडवून कॉल करतो. १,७०० ला तो पत्ते पुन्हा उचलून बघतो.

आता याच डावात का, हा खरा प्रश्न. उत्तर हातातल्या इस्पिक एक्क्यात आहे. टेबलावर तीन इस्पिक आहेत, दहा बाहेर. आपल्या हातात एकही इस्पिक नसता, तर समोरच्याकडे दोन इस्पिक असण्याच्या ४५ जोड्या होऊ शकल्या असत्या. एक्का आपल्याकडे आल्यावर ३६ उरल्या. गेलेल्या नऊच्या नऊ जोड्या एक्क्याच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या फ्लशच्या, ज्या तो कधीच टाकणार नव्हता. शिवाय आपण तिसरं इस्पिक पडल्यावर ७०० लावले होते, तेव्हा 'माझ्याकडे फ्लश आहे' ही आपली गोष्ट तेव्हापासून एकच आहे. हातात इस्पिक नसेल तर असाच फसलेला डाव बहुतेक वेळा चेक करून सोडलेला बरा. हे कळलं की ब्लफ म्हणजे छाती काढणं नव्हे, पत्ते मोजणं आहे, हे आपोआप उतरतं.

उलटी चूकही लगेच होते. एकदा हात सुटला की माणूस प्रत्येक फसलेल्या डावात ढीग सरकवतो. १,७०० च्या बेटला (लावलेल्या रकमेला) समोरच्याला कॉल करायला साधारण ३० टक्के जिंकणं पुरतं. म्हणून अशा दहा बेटांत सात खऱ्या आणि तीन खोट्या, एवढंच प्रमाण ठेवायचं. दहात सहा खोट्या झाल्या की टेबलाला दुसऱ्याच आठवड्यात वास येतो.

हे सगळं कागदावर जमलं, तरी टेबलावर जमेना. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते माझ्या भित्रेपणात नव्हतं. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैशांच्या पोकरची ॲप्स बंद पडली. घरात पैसे लावून खेळणं तर महाराष्ट्रात १८८७ पासूनच्या जुगारबंदीच्या कायद्यात सापडू शकतं. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून मुंबईत आमच्यासारख्यांचा सराव बिनपैशांच्या चिप्सवर. आणि बिनपैशांच्या टेबलावर कुणी पत्ते टाकतच नाही! त्यातून ही मंडळी गणपतीच्या जागरणातल्या तीनपत्तीवर वाढलेली. शो मागितल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. १,७०० काय, ७,००० लावा. सत्तीच्या जोडीवर 'बघू तरी' म्हणून कॉल येतो. अशा ठिकाणी ४२ टक्के कुठून आणणार? जो पत्ते टाकत नाही त्याला ब्लफ करायचा नाही, हा नियम बरोबरच आहे. पण मग शिकायचं कुठे?

म्हणजे आधी चिप्स महाग करायला हव्यात. तीन गोष्टींनी हे जमतं. पुन्हा चिप्स मिळणार नाहीत. संपल्या की बाहेर. पहिला बाहेर पडणारा सगळ्यांचा चहा करतो आणि उरलेला वेळ पत्ते पिसून वाटतो. आणि गुण: सहा जणांत पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, बाकीच्यांना शून्य, असे बारा आठवडे, तक्ता फ्रिजवर. बायकामुलं तो तक्ता वाचतात, तेव्हा शून्य झोंबतं. दोन आठवड्यांत सत्तीच्या जोडीवाले पत्ते टाकायला लागतात.

चिप्स वाटायच्या त्या अशा: ५० च्या दहा, १०० च्या पंधरा, ५०० च्या आठ, १,००० च्या चार. माणशी ३७, सहा जणांना २२२. तीनशे चिप्सचा साधा संच पुरतो. ब्लाइंड दर २० मिनिटांनी वाढवतात, पण मी पहिला टप्पा ४० मिनिटांचा ठेवतो. ब्लाइंड १००-२०० झाले की तेच १०,००० फक्त पन्नास मोठे ब्लाइंड उरतात, आणखी दोन टप्प्यांनी पंचवीस. मग टर्नवरच सगळं आत जातं, रिव्हरचा सराव होतच नाही.

शेवटच्या लोकलचं आधी सांगायला हवं होतं. कल्याण-विरारकडची मंडळी घड्याळाकडे बघायला लागली की कुठल्याही पत्त्यांवर सगळं आत ढकलतात, कारण त्यांना हरून निघायचंच असतं. तेव्हा ब्लफ बंद. खेळ संध्याकाळी लवकर सुरू करा, एवढाच उपाय.

हात थरथरतो त्याचं काय? थरथरू दे, पण चिप्सना हात लावायच्या आधी तोंडाने 'सतराशे' म्हणा. बोललेली रक्कम बांधील असते. न बोलता १,००० ची चिप पुढे ठेवून उरलेल्या सातशेसाठी पुन्हा ढिगाकडे हात नेला, तर ती स्ट्रिंग बेट. बेट हजाराचीच धरतात. हजाराला समोरच्याला २३ टक्के पुरतात आणि गुलामवाला आनंदाने कॉल करतो. मेहनतीचा ब्लफ असा हाताच्या घाबरटपणाने वाया जातो. आणि खरी बेट असो वा खोटी, रक्कम सांगायला तेवढाच वेळ घ्या. मी मनात दहा आकडे मोजतो.

वहीत चार रकाने: पॉट, बेट, लागणारे टक्के, त्याने टाकले की नाही. डाव संपल्यावर लगेच लिहायचं. ट्रेनमध्ये आठवून लिहिलं की जिंकलेलेच आठवतात. दहा-बारा नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. पन्नास नोंदींनंतरही आकडा सहज सात टक्के इकडे-तिकडे असतो.

हाच भागाकार घर भाड्याने घेताना वापरून बघा. मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर दलाली साधारण एका महिन्याचं भाडं. समजा ३५,०००. 'वीस हजार घ्या' म्हणायला जीभ रेटत नाही, तिथेही आपण टकटक करून चेक करतो. हो म्हणाला तर १५,००० वाचतात. नाही म्हणाला तर फार तर तोंड वाकडं करून पुढची दोन घरं दाखवणार नाही. त्या फुकट गेलेल्या दुपारची किंमत २,००० धरा. दोन हजार भागिले सतरा हजार, म्हणजे १२ टक्के. शंभरात तेरा दलाल जरी ऐकले तरी विचारणं फायद्याचं. फक्त आधी आकडा ठरवा आणि तोच बोला. 'काही कमी होईल का' ही स्ट्रिंग बेटच.

एक राहिलंच. ब्लफ चालला आणि समोरच्याने पत्ते टाकले, तर आपले पत्ते दाखवायचे नाहीत. पालथेच गड्डीत सरकवायचे. 'काय होतं रे?' असं तो विचारणारच, दोनदा विचारेल, घरी जाताना जिन्यातही विचारेल. विचारू दे.