पाल्पाच्या शाळेत मिस, आणि येताना धुक्यातला उत्तर भारत

बरेच जण विचारतायत की नेपाळला शिकवायला गेलीस ते जमवलंस कसं, एजन्सी कुठली, खर्च किती, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

तर पहिलं म्हणजे एजन्सी कुठलीच नाही. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर मी बरेच दिवस नेटवर शोधत होते आणि तिथे जे काय दिसलं ते बघून डोकंच फिरलं. फुकट शिकवायला जायचं आणि वर आपणच डॉलरमध्ये फी भरायची, त्यात राहणं जेवण आलं, एअरपोर्ट पिकअप आलं, सुट्टीला चितवनची जंगल सफारी आली, पण शिकवायचं काय, कितवीला, किती मुलांना, याबद्दल एक ओळ नाही. एका ठिकाणी मी मेल करून सरळ विचारलं की मी यायच्या आधी तो वर्ग कोण घेत होतं आणि मी गेल्यावर कोण घेणार, तर उत्तर आलं की मुलं तुमच्यावर खूप प्रेम करतील. अहो करतील ना, पण मी काय विचारलं!

आणि अनाथाश्रमवाल्या प्लेसमेंटला तर हातच लावू नका. नेपाळात ७७ जिल्हे आहेत पण बालगृहं जास्त करून काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन अशा टुरिस्ट जिथे जातात तिथेच, यावरून काय ते समजा. आईवडील असलेली मुलं चांगल्या शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यातून आणून ठेवायची आणि पाहुण्यांना दाखवायची असे प्रकार तिथे झालेले आहेत, युनिसेफनंही यावर सावध केलंय. पंधरा दिवस जाऊन त्या मुलांना लळा लावायचा आणि फोटो काढून परत यायचं, मला नाही पटत.

शेवटी काम झालं ते आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या वॉचमनदादांमुळे. (त्यांना सगळे 'बहादूर' म्हणतात, ते त्यांचं नाव नाहीये, पण कोणी विचारलंच नाही कधी.) त्यांचं गाव नेपाळातल्या पाल्पा जिल्ह्यात, दोन्ही मुलं तिथल्याच सरकारी शाळेत, ज्याला ते सामुदायिक विद्यालय म्हणतात. त्यांनी हेडसरांचा व्हॉट्सअॅप नंबर दिला आणि सरांनी पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारल्या: किती दिवस राहणार, कुठला विषय, आणि आमच्या शिक्षकांबरोबर बसून काम करायची तयारी आहे का. मला तिथेच बरं वाटलं, कारण याला म्हणतात माणसाला मदत कशात हवीय ते माहीत असणं.

आता कागदपत्रं. २०१५ च्या राज्यघटनेनंतर नेपाळात शाळा स्थानिक पालिकांकडे गेल्यात, त्यामुळे काठमांडूशी काही संबंध येत नाही. अर्ज शाळेच्या व्यवस्थापन समितीला करायचा, त्या समितीत पालकच जास्त असतात, त्यांनी मीटिंगमध्ये ठराव केला की पालिकेच्या शिक्षा (म्हणजे शिक्षण) शाखेला कळवायचं. माझ्याकडून पासपोर्टची कॉपी, डिग्री, फोटो आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितलं. ते ऑनलाइन अर्ज करून मिळतं, फक्त मध्ये पोलीस स्टेशनला चक्कर होते आणि तिथले साहेब विचारतात की मॅडम नोकरीला चाललात का, नाही म्हटलं की मग कशाला पाहिजे, फुकट शिकवायला, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना! समितीची मीटिंग दसैं म्हणजे त्यांच्या दसऱ्यामुळे पुढे गेली, मग तिहार म्हणजे त्यांची दिवाळी आली, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठलंही काम तिथे होईल ही आशाच ठेवू नका.

व्हिसाचं म्हणाल तर १९५० च्या भारत-नेपाळ तहामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, बाकीच्या देशांतल्या लोकांना मात्र टुरिस्ट व्हिसावर असं बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, हे त्या वेबसाइटवाले सांगत नाहीत. आपण पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ठेवायचं. आधार चालत नाही, म्हणजे १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं, मधल्यांना नाही, आणि मी सध्या मधलीच आहे.

गेले नोव्हेंबर २०२२ मध्ये, छठ उरकल्यावर. हे मुद्दाम सांगते कारण दिवाळी ते छठ या काळात मुंबईहून यूपी-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. कुशीनगर एक्स्प्रेस नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येते, ती पकडून गोरखपूर, तो १३६६ मीटरचा लांबच लांब प्लॅटफॉर्म सामान ओढत पार केला, मग बसने शंभरेक किलोमीटर सुनौली. बॉर्डर म्हणजे एक मोठी कमान, रिक्षा, हातगाड्या, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका सगळे आपले चालतायत, मी पासपोर्ट हातात घेऊन शिक्का कोण मारणार म्हणून बघत होते तर एका पोलिसाने इंडियन ना, जाओ जाओ करून पुढे काढलं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. शंभर आपले म्हणजे एकशे साठ त्यांचे, हा दर १९९३ पासून बांधलेलाच आहे, आणि तेव्हा शंभरच्या वरच्या आपल्या नोटा तिथे चालत नव्हत्या म्हणून मी शंभराच्या गड्ड्या नेल्या होत्या. (आता बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं म्हणतात, २०२४ पासून, तरी खेड्यात कॅश ठेवाच.) पुढे भैरहवा, बुटवल आणि मग सिद्धार्थ राजमार्गाने घाट चढत पाल्पाचं मुख्य गाव तानसेन. बुटवलनंतर सिद्धबाबा मंदिराजवळ दरड कोसळायची जागा आहे, तिथे बसमधले सगळे एकदम गप्प होतात.

शाळा तानसेनपासून जीपने आत. मी ज्यांच्याकडे राहिले त्या दिदी माझ्याहून थोड्या मोठ्या, मला 'बहिनी' म्हणायच्या, नवरा कतारला. त्या गावात अर्धी घरं अशीच, बाप्ये कतार, मलेशिया नाहीतर भारतात, घरी बायका, म्हातारे आणि शाळेतली मुलं. महिन्याचे बारा हजार नेपाळी म्हणजे आपले साडेसात हजार मी त्यांच्या हातात ठेवायचे, दोन वेळचा डाळभात, तरकारी, गुंद्रुकची (आंबवून वाळवलेल्या पाल्याची) आंबट भाजी, कधी ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. पाहुणी म्हणून फुकट राहायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं आणि सरांनाही तेच बरं वाटलं.

शाळा तेव्हा रविवारी भरायची. शनिवारी सुट्टी, शुक्रवारी अर्धा दिवस. फळ्यावर तारीख विक्रम संवतातली, साल २०७९, पहिल्या दिवशी मी रजिस्टरमध्ये सही करताना विचारच करत बसले. दहा वाजता प्रार्थना, राष्ट्रगीत, मग वर्ग, आणि पाचवीपर्यंतच्या मुलांना दुपारचा खाजा म्हणजे खाऊ असायचा, सरकार तेव्हा एका मुलामागे दिवसाला पंधरा नेपाळी रुपये द्यायचं, त्यात चणे, पोहे, कधी खीर बसवायची ही तिथल्या स्वयंपाकाच्या बाईंची करामत.

मला सहावी-सातवीचं गणित आणि इंग्रजी. मी जायच्या आधीच विचारून घेतलं होतं की माझ्यामुळे कोणाचे तास कमी होणार का, कारण तिथे सरकारी पगाराच्या शिक्षकांबरोबर निजी स्रोतचे शिक्षकही असतात, म्हणजे शाळा आपल्या पैशातून ज्यांना थोडंफार मानधन देते ते, आणि फुकटची बाई मिळाली की समिती म्हणू शकते की मग यांची काय गरज. सरांनी सांगितलं की तसं नाही, तुम्ही वर्ग घ्यायचा नाही, मागे राहिलेली मुलं घ्यायची. हेच मला आजही सगळ्यात पटलेलं आहे. गणिताचे सर फळ्याजवळ, मी मागच्या बाकावर सात-आठ जणांना घेऊन.

आणि ते सर काय शिकवायचे! अपूर्णांक चालू होते. पुस्तकात पिझ्झाचे तुकडे. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुझ्या बाजेची शेती किती? (बाजे म्हणजे आजोबा.) पोरगं म्हणालं दीड रोपनी. झालं, मग एक रोपनीचे सोळा आने, एका आन्याचे चार पैसे, एका पैशाचे चार दाम, चौघा भावांत वाटणी केली तर प्रत्येकाला काय, त्यातल्या एकाने आपला हिस्सा विकला तर उरलं किती, आणि तासाभरात ज्या पोरांना एक छेद चार म्हटलं की घाम फुटायचा ती भांडायला लागली की काकाला दोन आने जास्त कसे. आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'सोळा आणे' असायचे ते मी ऐकलेले होते, पण जमिनीच्या मापात ते इतके जिवंत असतील असं वाटलं नव्हतं. बाहेरून कोणी कितीही ट्रेनिंग घेऊन आला असता तरी हे त्याला सुचलं नसतं.

माझं काम त्यामागचं. 'बुझ्यो?' म्हणजे समजलं का, असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'बुझ्यो मिऽऽस' ओरडणार, हे तर आपल्याकडेही तसंच, मग एकेकाच्या वहीत डोकं घालून बघायचं की खरंच किती बुझलंय. लिपी देवनागरीच असल्यामुळे मला त्यांच्या वह्या वाचता येत होत्या, हा आपल्या लोकांचा केवढा मोठा फायदा आहे सांगू, हिंदी त्यांना टीव्हीमुळे कळतं आणि माझं नेपाळी दिदींच्या चुलीपाशी सुधारलं. इंग्रजीचं अवघड होतं. धडा वाचायचा आणि प्रत्येक वाक्याचा नेपाळीत अर्थ कोरसमध्ये म्हणायचा ही पद्धत, त्यामुळे पाठ सगळं, बोलायला एक शब्द नाही. मी फक्त रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास गप्पा ठेवल्या, विषय काय तर बकरी हरवली, वडिलांचा फोन आला, आज कोणाकडे काय शिजलं. पाच-सहा मुली शेवटी शेवटी बऱ्यापैकी बोलायला लागल्या, मुलगे लाजतच राहिले, क्रांती बिंती काही झाली नाही.

२० नोव्हेंबरला निवडणूक होती, शाळेतच मतदान केंद्र, गाड्या बंद, म्हणून दोन-तीन दिवस मोकळे मिळाले. त्यानंतरच्या एका शनिवारी आम्ही राणीमहाल बघायला चालत गेलो, काली गंडकीच्या काठावर खड्ग शमशेर राणाने बायकोच्या आठवणीत बांधलेला, त्याला नेपाळचा ताजमहाल म्हणतात. उतरताना मजा, चढताना गुडघे. तानसेनच्या श्रीनगर डांड्यावरून (टेकडीवरून) हिवाळ्यात सकाळी खालचं माडी खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं दिसतं, ते मात्र खरंच चुकवू नका.

डिसेंबरच्या मध्यावर निघाले. परत सरळ घरी न येता उत्तर भारत फिरायचा असं आधीच ठरवलेलं, आणि वरून बघायला सुंदर दिसणारं तेच धुकं गोरखपूरपासून पुढे माझ्या मानगुटीवर बसलं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे गाड्या चार-पाच तास लेट म्हणजे वेळेवर, काही तर रेल्वे आधीच रद्द करून टाकते, तेव्हा एका दिवसात दोन गाड्यांचं कनेक्शन ठेवू नका.

काशीबद्दल लिहिणारे लाखो आहेत, मी उरकते. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं विश्वनाथाचं देऊळ, शिंदे घाट, भोसले घाट, आपल्या माणसाला तिथे परकं वाटतच नाही. पहाटे घाटावर थंडीत मलइयो खा, दुधाचा केशरी फेस, फक्त हिवाळ्यातच मिळतो, तोंडात टाकेपर्यंत गायब.

अमृतसरला दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, लंगरमध्ये पोळ्या लाटायला बसले. कोणी नाव विचारलं नाही, फॉर्म नाही, चारित्र्य पडताळणी नाही, शेजारच्या बाईने पोळपाट पुढे सरकवला एवढंच. इतक्या महिन्यांच्या कागदपत्रांनंतर मला हसूच आलं, पण मुलांच्या बाबतीत मात्र ती कागदपत्रं हवीतच, यावर मी ठाम आहे. तिथून मेहता चौकमार्गे बसने घुमानला गेले. संत नामदेव बरीच वर्षं जिथे राहिले ते गाव, २०१५ ला तिथे ८८ वं मराठी साहित्य संमेलन झालं होतं. मी तिथल्या 'नामदेव दरबार' गुरुद्वाऱ्यात बसले होते, बाहेर ऊस, गहू, ट्रॅक्टर, आणि आत नामदेवांची पदं पंजाबी सुरात. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. सेवादार म्हणाले, महाराष्ट्रातून आलात ना, मग आधी जेवा.

पठाणकोटहून कांगड्याची छोटी गाडी घ्यायची फार इच्छा होती पण चक्की नदीवरचा पूल ऑगस्ट २०२२ च्या पुरात पडलेला, त्यामुळे बसच. धर्मशाळेजवळच्या मॅक्लोडगंजला तिबेटी लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालतात, काही ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही तासभर बसू देतात. इथे मोठी माणसं शिकणारी असल्यामुळे ते मला ठीक वाटतं. माझ्यासमोर एक बाई आल्या, त्या दर थंडीत महाराष्ट्रात स्वेटर विकायला यायच्या, त्या वर्षी गुडघ्यामुळे गेल्या नव्हत्या. इंग्रजी राहिलं बाजूला, 'फिक्स रेट ताई, कमी नाही होणार' हे त्यांनी अस्सल मराठीत म्हणून दाखवलं आणि पूर्ण वर्ग बघत राहिला की या दोघी का एवढ्या हसतायत.

आता कोणाला जायचं असेल तर: दीड महिन्यापेक्षा कमी वेळ असेल तर शाळेच्या भानगडीत पडू नका, फिरून या. वैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्यावर, तिथलं शैक्षणिक वर्ष सुरू होतं, तेव्हा शिक्षकांना खरी मदत लागते. असारात म्हणजे आषाढात जाऊ नका, भातलावणी असते, मुलंच शाळेत नसतात. मलाही सरांनी परत बोलावलंय, या वेळी आठवीच्या मागे राहिलेल्या मुलांसाठी, पण समितीची मीटिंग अजून व्हायचीय, आणि पोलिसांचं ते प्रमाणपत्र परत नव्याने काढायचंय.