एकशे चाळीस की दोनशे?

कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे माणूस विचार कसा करतो याचं शास्त्र, शिकवायला घेतलं की मी आधी एक षटकोन काढते. स्लोन फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी संस्थेसाठी १९७८ साली झालेल्या अहवालातला. त्याच्या सहा कोपऱ्यांवर या शास्त्रात एकत्र येणारे सहा विषय: तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र आणि मानवशास्त्र. पहिल्या पाचांवर भरभरून बोललं जातं. मानवशास्त्राची वेळ आली की अभ्यासक्रम संपलेला असतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान हे तिघं त्याचे लेखक. रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि हिशेब विचारायचा, अशी पद्धत. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, पस्तीसचा एक, तर चारांचे किती? तीन नारळांचे एकशे पाच त्याला पाठच होते. त्यात तीस घातले, मग उरलेले पाच. एकशे चाळीस. पुढे हेच ३५ गुणिले ४ त्याला कागदावर दिलं. पाच चोक वीस, हातचे दोन. ते दोन त्याने गुणायच्या आधीच तीनमध्ये मिळवले, झाले पाच. पुन्हा पाच चोक वीस. उत्तर, दोनशे!

मुलगा तोच, आकडे तेच. नुसता कागद तपासला असता तर त्याच्या डोक्याबद्दल आपण काय लिहिलं असतं? सगळ्या मुलांचे मिळून हिशेब रस्त्यावर ९८ टक्के बरोबर आले, नुसत्या आकड्यांच्या कागदी गणितांत ३७ टक्के. संशोधक मानसशास्त्राचेच होते, पण माणूस काम करतो तिथे जाऊन उभं राहण्याची रीत मानवशास्त्राची. प्रयोगशाळेलाही स्वतःचे रीतिरिवाज असतात, आणि तिथे वाढलेल्याला ते दिसत नाहीत.

एडविन हचिन्स मूळचे मानवशास्त्रज्ञ. अमेरिकी नौदलाच्या जहाजावर त्यांनी पाहिलं, की एक जण किनाऱ्यावरच्या खुणेची दिशा बघतो, दुसरा ती नोंदवतो, तिसरा नकाशावर रेघ ओढतो. जहाज कुठे आहे, हे गणित कुणा एकाच्या डोक्यात होतच नाही. मग विचार करणारं नेमकं कोण? हा प्रश्न मेंदूचे स्कॅन काढून पडला नसता.

मानवशास्त्रज्ञांकडूनही हात आखडता राहिला, हे खरं. मोजमाप म्हटलं की त्यांच्यातले बरेच जण अंग काढून घेतात. ते मला पटत नाही. ९८ आणि ३७ मोजले नसते, तर नारळवाल्या मुलाची गोष्ट एक मजेशीर किस्सा म्हणून विरून गेली असती.

माझ्या विद्यार्थ्यांना आता प्रकल्पासाठी एक अट आहे. चाचणी बनवण्याआधी, ती ज्यांच्यावर घ्यायची त्यांचं रोजचं काम बघून यायचं. टिपणवही घेऊन, प्रश्नावली न नेता.